एका बापाचं एकदाच

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुके नाशिक,
मामलेदार कचेरी, नाशिक.

अर्जदार – चंदर पुंजा खैरनार, जात शिंपी, धंदा विद्यार्थी, वय वर्षे १८ (शाळेच्या दप्तरी ६०८), राहणार मौजे सावखेडे, तालुके वैजापूर, निजामसरकारचा मुलूख; हल्ली मुक्काम नाशिक, रहेमान टांगेवाले यांचा तबेला.

विषय – वडिलांचे पहिले मरण रद्द होऊन दुसरे कायम होणेबाबत.

संदर्भ – आपल्या कचेरीत अर्जदार समक्ष आला असता "तोंडी सांगू नका" असे तोंडी सांगण्यात आले, ते.

महोदय,

विनंती अर्ज ऐसा जे –

१. अर्जदाराचे वडील वारले.

२. वरील कलम वाचण्यात आलेच नाही असे समजून पुढे वाचावे. ते खरे म्हणजे शेवटी यायचे होते, परंतु कोणत्याही अर्जाच्या पहिल्या चार ओळीच वाचल्या जातात असे जाणती माणसे सांगतात, म्हणून ते वर घेतले. तूर्त अर्जदाराचे वडील सावखेड्यास आपल्या दुकानात बसले आहेत, आणि सुईत ओवण्यासाठी दोऱ्याचे टोक तोंडात धरून ओले करीत आहेत, असे धरून चालावे. त्यांना तसेच थोडा वेळ बसू द्यावे.

३. आमच्या गावाकडे, म्हणजे ज्याला इकडचे लोक मोगलाई म्हणतात तिकडे, चौथीच्या पुढचे शिक्षण उर्दूत चालते. वडील पुंजा खैरनार यांना मराठी वाचता येत नव्हते आणि उर्दूही वाचता येत नव्हते, त्यामुळे या बाबतीत त्यांचा कोणावरच राग नव्हता. परंतु एकदा इंग्रजी हद्दीतल्या एका कारकुनाचा कोट उसवताना त्यांना खिशाच्या तळाशी शाईचा डाग दिसला. असा डाग आपल्या मुलाच्या खिशालाही पडावा असे त्यांच्या मनाने घेतले. अर्जदाराच्या शिक्षणाला याहून दुसरे कारण नाही.

त्याप्रमाणे अर्जदाराने खालच्या इयत्ता मनमाडास मावशी लंकाबाई यांच्या घरी राहून केल्या. तेव्हा आपण परदेशात राहतो हे अर्जदाराला कळले नाही, कारण मावशी भाडे मागत नव्हती. मागल्या साली मावशी वारल्या. (त्या खरोखरच वारल्या. पुढे गोंधळ होऊ नये म्हणून येथेच नोंद करून ठेवतो.) नंतर ज्येष्ठात अर्जदार नाशकास येऊन येथील एका हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात दाखल झाला.

४. अर्जदाराचे जन्मसाल आमच्याकडच्या फसली सनाप्रमाणे १३२६ आहे. शाळेच्या कारकुनांनी ते इसवी सन १९३४ मधून वजा केले आणि वय ६०८ लिहिले. वर्गात वडीलधारा म्हणून अर्जदाराला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. नाशकात सहजासहजी मिळालेली ती एकच जागा.

'मुलूख' या रकान्यात 'परदेशी' असे लिहिले गेले. दुसऱ्या यादीत तो रकानाच नव्हता, म्हणून तोच शब्द आडनावाच्या जागी आला, आणि अर्जदार चंदर पुंजा परदेशी झाला. आमच्या जातीच्या बोर्डिंगात गेलो तेव्हा तिथले सेक्रेटरी यादी पाहून म्हणाले, "हे बोर्डिंग शिंप्यांचं आहे. तुम्ही परदेशी. तुमचे पूर्वज उत्तरेतून घोड्यावर बसून आले." अर्जदाराने सांगितले की, आपण मनमाडहून पॅसेंजरने आलो. त्यांनी ते लिहून घेतले नाही. मग गावातल्या परदेशी मंडळींकडे गेलो. त्यांनी हिंदीत चार शब्द विचारले आणि अर्जदार शिंपी आहे हे तिथल्या तिथे ओळखले.

५. अशातच शाळेचे फर्मान निघाले की, परमुलखी विद्यार्थ्याने मॅट्रिकच्या फॉर्मासोबत नाशकातला राहण्याचा पत्ता द्यावा व पालकाने समक्ष येऊन सही किंवा अंगठा करावा. त्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. म्हणून अर्जदार पत्ता शोधायला निघाला.

भद्रकालीत वत्सलाबाई नावाच्या बाईंची माडी रिकामी होती. त्यांनी विचारले, "राहणार कुठं?" अर्जदाराने "इथंच" असे उत्तर दिले, कारण 'राहणार' हे भविष्यकाळी रूप आहे असे व्याकरणात शिकवले होते. बाई म्हणाल्या, "अरे मेल्या, गाव कुठलं तुझं?" गाव सांगितले. "मोगलाईतला होय! तुमचा रुपया आमच्या बाजारात चालत नाही, आणि तू माझ्या माडीवर चालणार? उद्या भाडं थकवून हद्दीपलीकडं गेलास म्हणजे मी काय फौज घेऊन येऊ मागं?" अर्जदाराने सुचवले की फौजेची गरज नाही, साधे कार्ड टाकले तरी चालेल. दार लागले.

दुसऱ्या एका घरमालकांना बिऱ्हाडकरू विवाहित पाहिजे होता, परंतु बायको नको होती. तिसऱ्यांना विद्यार्थी चालत होता, मात्र त्याने अभ्यास करू नये, दिव्याने भिंत काळी होते. चौथ्यांनी सर्व ऐकून घेतले, पाणी दिले, पुस्तके कोणती आहेत ते पाहिले, आणि मग सांगितले की हे घर त्यांचे नाहीच, ते शेजारी राहतात.

६. तोपर्यंत अर्जदार एका वर्गबंधूच्या ओसरीवर निजत होता. कार्तिकात त्याला मुदतीचा ताप आला. वर्गबंधूच्या आईने पेज करून घातली, आणि ताप उतरला त्या दिवशी अर्जदारालाही ओसरीवरून उतरवले. तापात केस झडू लागल्याने डोके तुळतुळीत करून घेतले होते. पुढील सर्व प्रकार या डोक्यामुळे घडला, हे मेहेरबानांनी ध्यानात घ्यावे.

७. पंचवटीत घाटाजवळ एका शेठजींनी बांधलेली धर्मशाळा आहे. तिथे फक्त सुतकातल्या माणसाला, घरचे कोणी गेले म्हणून क्रियाकर्मासाठी आलेल्याला, तेराव्यापर्यंत जागा मिळते. कारण सुतकी माणसाला दुसरे कोणी घरात घेत नाही. हे अर्जदाराला माहीत नव्हते. तापातून नुकताच उठलेला, म्हणून तो पायरीवर दम खात बसला होता. व्यवस्थापक केरूनाना बाहेर आले. त्यांनी डोक्याकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "वडील का?"

त्याआधी भेटलेल्या प्रत्येक घरमालकाने पालक कोण, हे विचारले होते. तोच प्रश्न असेल असे समजून अर्जदार म्हणाला, "हो, वडीलच."

"कुठं?"

"गावी. मोगलाईत."

"आणि तू एकटाच आलास?"

"हो. त्यांना यायला जमलं नाही."

हे ऐकून केरूनानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "कसं जमेल रे बाळा त्यांना!" असे म्हणून त्यांनी अर्जदाराला हाताला धरून आत नेले, आणि झाडलोट करणाऱ्या भागीबाईंना सांगितले, "चटई टाक गं. पोराचे वडील गेले." तेव्हा कुठे अर्जदाराला उमगले. खुलासा करण्यासाठी त्याने तोंड उघडले होते; परंतु तेवढ्यात चटई उघडली गेली. ती कोरडी होती. पाच महिन्यांत अर्जदारासाठी कोणी अंथरलेली ती पहिलीच. तोंड पुन्हा मिटण्यात आले.

८. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवले. अर्जदाराने हात जोडून मनातल्या मनात "दादा, बरे आहात ना?" असे विचारले. कावळा ताबडतोब आला. इतक्या झटकन शिवणारा कावळा आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असे केरूनाना म्हणाले. "तृप्त गेले रे तुझे वडील. काही मागं ठेवलं नाही त्यांनी." त्याच आठवड्यात वडिलांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्ड शाळेच्या पत्त्यावर आले की सर्व खुशाल आहे, थंडी पडली आहे, तुझ्या कोटाचे कापड घेतले आहे.

९. तेरावा झाल्यावर नियमाप्रमाणे धर्मशाळा सोडावी लागली. त्यानंतरचा पंधरवडा अर्जदाराने कुठे काढला ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही. पौष लागल्यावर अर्जदार पुन्हा डोके करून धर्मशाळेच्या पायरीवर बसला. या वेळी चुलते गेणू वारले होते. अर्जदाराला चुलते नाहीत. जो जन्मलाच नाही त्याच्या मरणाने कोणाचे नुकसान नाही, असा त्यात विचार होता. केरूनाना म्हणाले, "काय रे तुझ्या नशिबाला लागलंय!" आणि जुन्याच कोपऱ्यात चटई टाकून दिली. वर, पहिल्या खेपेला चटई पातळ होती म्हणून एक घोंगडी दिली.

इकडे शाळेची मुदत भरत आली होती. अर्जदाराने वडिलांना कार्ड लिहिले की, संक्रांत झाली की तिसऱ्या दिवशी या, धर्मशाळेत उतरलो आहे, अंगठ्याचे काम आहे. त्या दिवशी सकाळी स्टेशनावर जाऊन त्यांना गाठायचे आणि परस्पर शाळेत न्यायचे असा बेत होता. वडील एक दिवस आधी आले. शिंपी माणूस सांगितल्या वायद्याच्या आधी येईल, ही गोष्ट अर्जदाराच्याच काय, कोणाच्याही ध्यानात आली नसती.

१०. त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या दाराशी जे बोलणे झाले ते भागीबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले, व केरूनानांनाही ते कबूल आहे. ते येणेप्रमाणे –

वडील म्हणाले, "राम राम. मी पुंजा शिंपी. चंदरचा बाप."

केरूनाना म्हणाले, "चंदरचे वडील वारले."

"कवा?"

"मार्गशीर्षात."

"आरं द्येवा! मंग मी कोन हाय?"

"ते मी कसं सांगू? पिंडाला कावळा शिवताना मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"आवो, तसं नाय. त्याला हाक तर मारा. तो वळखंल मला."

"पोरगं चुलत्याच्या दुःखात आहे. आत्ताच कुठं डोळा लागलाय त्याचा. असल्या थट्टेसाठी मी त्याला उठवायचा नाही."

"कोनता चुलता? आमाला भाऊबिऊ कुनी नाय. मी येकटाच हाय."

"बघा! सख्ख्या भावाचं नावसुद्धा ठाऊक नाही, आणि म्हणे बाप."

असे म्हणून केरूनानांनी दार लावून घेतले. ते त्यांनी अर्जदाराच्या कळवळ्याने लावले. याबद्दल त्यांच्याविरुद्ध काहीएक तक्रार नाही.

११. अर्जदार त्या वेळी दारापासून जवळच निजला होता. त्याला वडिलांचा आवाज ऐकू आला. परंतु मार्गशीर्षापासून वडील वारले, वडील वारले, असे सांगून सांगून सवय झालेली असल्याने हा भास आहे असे त्याने मानले, आणि घोंगडी डोक्यावरून घेतली.

या कलमावर मेहेरबानांनी काही हुकूम करू नये.

१२. सकाळी भागीबाई झाडता झाडता म्हणाल्या, "कुनी येडा म्हातारा आला व्हता काल. तुझा मेलेला बाप म्हनं मी. बोचकं घिऊन घाटाकडं गेला." अर्जदार घाटावर धावला. पौषातल्या गारठ्यात वडील पायऱ्यांना टेकून बसले होते, बोचके मांडीवर धरून. त्यांनी मान वर केली, मुलाचे डोके पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोन गेलं रे?" त्यांनी विचारले.

अर्जदाराने खरे तेच सांगितले. "तुम्ही."

यानंतर वर कलम ६ ते ९ मध्ये लिहिलेली सर्व हकिकत त्यांना सांगितली. त्यांनी ती माप घेताना ऐकतात तशी ऐकली. मग विचारले, "मंग, कावळा शिवला का?"

"लगेच."

"मंग बरं," वडील म्हणाले, आणि हसू लागले. हसताहसता खोकू लागले. तो खोकला पुढे थांबला नाही.

बोचक्यात अर्जदारासाठी शिवलेला नवा कोट होता, जाड कापडाचा, आतून अस्तर लावलेला. तो रात्री अंगावर का घेतला नाही असे विचारले असता म्हणाले, "घडी मोडली आसती. तुला साळंत जायाचंय त्यात." आणि शिवण उलटी करून दाखवली. "ह्ये बघ. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं माया ठिवलीय. आंगानं भरलास की उसव. धा साल जातोय कोट."

(माया म्हणजे पुढे कपडा वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत दाबून ठेवलेले जास्तीचे कापड. वरून ती दिसत नाही. मेहेरबानांच्या कोटातही असेल.)

१३. वडिलांना आधार देऊन अर्जदार धर्मशाळेत आला आणि म्हणाला, "नाना, हे माझे वडील." केरूनानांनी एकदा वडिलांकडे पाहिले, एकदा अर्जदाराच्या डोक्याकडे. मग म्हणाले, "मग मी रडलो कोणासाठी?" नंतर त्यांनी नियम समजावून सांगितला. वडील जिवंत असतील तर अर्जदार सुतकी नाही, सबब त्याला जागा नाही. आणि वडील वारले असतील तर हे गृहस्थ ते नव्हेत, सबब यांना जागा नाही. अर्जदाराने या नियमावर सर्व बाजूंनी विचार करून पाहिला. नियम बरोबर आहे.

१४. दोघे बाहेर उभे असता टांगेवाले रहेमान यांनी टांगा थांबवला. त्यांनी नाव, जात, मुलूख, पालक, कोण गेले आणि केव्हा गेले यांपैकी काहीही विचारले नाही. "म्हातारबाबाला ताप हाय. बसा," म्हणाले. आपल्या तबेल्यात त्यांनी गवताचे भारे बाजूला सारून दिले आणि एकच अट सांगितली. "घोडी लाथ मारती. तिच्याकडं डोकं करून निजू नका. बाकी समदं मोकळं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टांग्यातून वडिलांना शाळेत नेले. कारकुनांनी त्यांचा अंगठा धरून उठवला. फॉर्मावर पत्ता तबेल्याचा दिला; पालकाचे नाव 'पुंजा परदेशी' असे आधीच लिहिलेले होते. वडिलांना वाचता येत नसल्याने त्यांनी हरकत घेतली नाही. बाहेर येऊन ते अंगठ्याची शाई पुसेनात. म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग नव्या कोटाचा खिसा चाचपून, कोणी पाहत नाही असे बघून, अंगठा आत घालून तळाशी दाबला.

दवाखान्यातून औषधाची बाटली आणली. दिवसातून तीन वेळा घ्यावे असे तिच्यावर लिहिले होते. बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.

१५. कलम १ पाहावे.

१६. अग्नी दिल्यावर रीतीप्रमाणे अर्जदार डोके करायला बसला. न्हाव्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मालक, हितं काय ऱ्हायलंय काढायला?" तरी रीत म्हणून त्याने कोरडा वस्तरा एकदा फिरवला. पैसे घेतले नाहीत.

तिथून अर्जदार धर्मशाळेत गेला. आता तो सर्व नियमांत बसत होता. केरूनानांनी दारातच हात आडवा धरला. "एका बापाचं एकदाच," ते म्हणाले. "दर दोन महिन्यांनी बाप मरायला लागले तर धर्मशाळा पुरायची कुणाला?" त्यांच्या उपाध्यायांनीही सांगितले की, या इसमाचा दहावा होऊन गेलेला आहे, त्या वेळी कावळाही शिवला आहे, आणि तृप्त झालेल्या माणसाला पुन्हा जेवायला वाढता येत नाही. अर्जदार शपथ घेऊन सांगू लागला की, या वेळी खरे आहे. तेव्हा केरूनाना म्हणाले, "त्या वेळीही तू असाच उभा होतास." तेही खरे आहे.

दहावा येत्या रविवारी आहे. तबेल्यात शिजवलेल्या पिंडांना घोडीचा वास लागतो, आणि घोडी ते खाऊही पाहते.

१७. सबब अर्जदाराची स्थिती अशी झाली आहे की, त्याचे वडील जिवंत असताना मयत होते आणि आता मयत असताना मयत धरले जात नाहीत. जिवंत होते तेव्हा ते जिवंत आहेत, हे एका माणसाने दारात सांगून पाहिले. ते वडील स्वतः होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. आता सांगणारा अर्जदार एकटाच उरला आहे, आणि त्याचे कोणी का ऐकावे, हे अर्जदारालाही सांगता येत नाही.

तरी मेहेरबान होऊन पुढीलप्रमाणे हुकूम व्हावेत.

(अ) मार्गशीर्षातील मरण चुकीने झालेले आहे, सबब रद्द समजावे. पौषातील मरण कायम करावे. त्याविरुद्ध अर्जदारास अपील करावयाचे होते, परंतु ते कोणत्या कचेरीत चालते ते कळले नाही.

(आ) मार्गशीर्षातील कावळ्याची साक्ष पुराव्यात घेऊ नये. तो भुकेला होता.

(इ) चुलते गेणू यांच्याबद्दल काही मागणे नाही. ते कोठेही राहात नव्हते व कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत.

(ई) वडील वडीलच होते याचा पुरावा म्हणून कोट एक नग या अर्जासोबत हजर केला आहे. उजव्या खिशाच्या तळाशी अंगठ्याचा डाग आहे, तो पडताळून पाहावा. शिवणी उसवून माया मोजू नये. काम होताच कोट परत मिळावा. मॅट्रिकची परीक्षा फाल्गुनात आहे, तोवर थंडी राहील.

(उ) वरीलप्रमाणे पहिले मरण रद्द झाले म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्जदाराचे वडील सरकारी रीतीनेही जिवंत ठरतात. तरी धर्मशाळेचे व्यवस्थापक केरूनाना यांस, त्या संध्याकाळच्या दिवेलागणीपासून लागू होईल असा, मागील तारखेचा लेखी हुकूम व्हावा की, पुंजा शिंपी नावाचे एक गृहस्थ बोचके घेऊन दाराशी येतील. त्यांना कोण, कुठले, असे काही न विचारता आत घ्यावे, आणि आत निजलेल्या अर्जदारास हाक मारून उठवावे.

हुकुमाची वाट पाहणारा आपला नम्र,
चंदर पुंजा खैरनार
(दप्तरी – परदेशी)

नाशिक, तारीख २२ जानेवारी १९३५